फावल्या वेळचें वाचन : ताऱ्यांमधील समरांगणें

गेल्या महिन्यांत ह्या सदरांत आम्हीं चरित्रग्रंथांविषयीं लिहिलें होतें. तो अंक घरोघर पोंचून आठवडाहि झाला नसेल, तोंच एका भगिनीचें पत्र आमच्या हातीं पडलें. चरित्रांविषयीं त्यांत एक अक्षरहि नाहीं. त्या लिहितात : "माझा धाकटा मुलगा यंदां अकरावींत आहे. अलीकडे तो इंग्रजी कादंबऱ्या वाचतो आणि त्या साऱ्या लढायांच्या असतात. त्याहि पृथ्वीवरच्या नव्हेत, आकाशांतल्या. मामंजी म्हणतात, हें पोरकट वाचन बंद करा. भाऊजी म्हणतात, वाचूं दे, इंग्रजी तरी सुधारेल. मीं काय करावें?"

पत्र वाचून आम्हांस हंसूं आलें व थोडी लाजहि वाटली. हेंच पत्र आठ-दहा वर्षांपूर्वीं आलें असतें तर आम्ही निःशंकपणें मामंजींच्या पक्षास मिळालों असतों. कालिदास-भवभूतींच्या सहवासांत ज्याची हयात गेली, त्याच्या कपाळाला ह्या जातीच्या पुस्तकांचीं वेष्टनें पाहूनच आठ्या पडाव्यात, हें स्वाभाविक आहे. हिरवेजांभळे राक्षस काय, आग ओकणारीं विमानें काय! परंतु आज आमचें त्या भगिनीस असें सांगणें आहे कीं, मुलाचें पुस्तक काढून घेऊं नका. तो झोंपला म्हणजे तें स्वतः वाचा, आणि मामंजींनाहि वाचावयास द्या. कोणतें आधीं वाचावें, कोणतें कोणाच्या हातीं द्यावें, हें सांगण्याकरितांच हा लेख आहे. तत्पूर्वीं आमचें मत कसें पालटलें तें सांगणें भाग आहे. कारण ती हकीकत सोडून ह्या पुस्तकांविषयीं प्रामाणिकपणें लिहिणें आम्हांस जमणार नाहीं.

१९९३ सालीं आमच्या शाळेच्या पारितोषिक-समारंभांत आम्हीं गीतेच्या दुसऱ्या अध्यायावर भाषण केलें. भगवंत अर्जुनास ज्या श्लोकांत युद्धाचीं दोन फळें सांगतात, मरण आल्यास स्वर्ग आणि जय मिळाल्यास पृथ्वीचें राज्य, तो श्लोक आम्हीं खड्या आवाजांत म्हटला व त्याचा अर्थ विशद केला. भाषण चांगलें रंगलें, टाळ्या पडल्या. दहावीच्या वर्गांतील एका मुलानें तें मनावर घेतलें. पुढें तो खडकवासल्याच्या प्रबोधिनींत गेला आणि सैन्याच्या इंजिनिअर दलांत अधिकारी झाला. "हा आमचा विद्यार्थी" असें आम्ही कित्येक वर्षें ज्याला त्याला अभिमानानें सांगत असूं.

१३ डिसेंबर २००१ रोजीं दिल्लींत संसदेवर हल्ला झाला आणि 'ऑपरेशन पराक्रम' ह्या नांवाखालीं आपलें सैन्य पश्चिम सीमेवर जाऊन उभें राहिलें. मैलच्या मैल जमिनींत सुरुंग पेरले गेले. दहा महिने दोन्ही सैन्यें समोरासमोर होतीं. ऑक्टोबर २००२ मध्यें, युद्ध न होतांच, सैन्य मागें घेण्याचा निर्णय झाला. पेरलेले सुरुंग पुन्हा काढावे लागतात. तें करीत असतां एक फुटला आणि आमच्या विद्यार्थ्याचा डावा पाय गुडघ्याखालीं गेला.

२०१७ च्या दिवाळींत तो आमच्या घरीं आला. कृत्रिम पायावर इतक्या सफाईनें चालत होता कीं, न सांगतां कळूं नये. नमस्कार केला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या आणि मग सहज विचारावें तसें तो म्हणाला, "सर, तुमच्या त्या श्लोकांत दोनच वाटा आहेत. मी मेलों नाहीं आणि जिंकलोंहि नाहीं. युद्ध तर झालेंच नाहीं. तिसऱ्याचें काय?" तेवढ्यांत आमच्या घरांतून फराळाचें ताट आलें म्हणून आमची सुटका झाली. जातांना त्यानें एक जुनें, पानें पिवळीं पडलेलें इंग्रजी पुस्तक मेजावर ठेवलें. "हा लेखक आमच्याच खात्यांतला आहे," एवढेंच बोलला.

तें पुस्तक दोन महिने आम्हीं उघडलें नाहीं. उघडलें तेव्हां कोश जवळ घेऊन दोन रात्रींत संपविलें. त्याविषयीं पुढें सांगूं; कारण तें पहिल्यानें वाचावयाचें पुस्तक नव्हे.

ह्या वाङ्मयाचें मूळ पाहूं गेल्यास तें आपणांस वाटतें तितकें दूर नाहीं. जॉर्ज चेस्नी हा बंगाल इंजिनिअर्सचा अधिकारी. १८५७ सालीं दिल्लीच्या वेढ्यांत तो कंपनीच्या बाजूनें लढतांना जखमी झाला. पुढें हिंदुस्थान सरकारच्या लष्करी खात्याचा चिटणीसहि झाला. १८७१ सालीं त्यानें 'दि बॅटल ऑफ डॉर्किंग' नांवाची गोष्ट लिहिली. इंग्लंडवर परकी सैन्य उतरतें आणि इंग्लंड बेसावधपणामुळें हरतें, ही ती गोष्ट. एक म्हातारा ती पन्नास वर्षांनंतर आपल्या नातवंडांस सांगतो. इंग्लंडांत तिनें मोठी खळबळ उडविली. परक्यांच्या शहरास वेढा घालून आलेल्या मनुष्यास स्वतःच्या देशाविषयीं असें स्वप्न पडावें, ह्यांतलें मर्म वाचकांनींच ओळखावें. पुढें १८९८ सालीं पुस्तकरूपानें आलेल्या वेल्सच्या 'दि वॉर ऑफ दि वर्ल्ड्स'मध्यें शत्रु मंगळावरून येतो, आणि टास्मानियांतील मूळ रहिवाशांचें युरोपियनांनीं काय केलें त्याचें स्मरण वेल्स तेथें स्पष्ट शब्दांत करून देतो. ह्याच वेल्सनें १९०३ सालीं एका कथेंत लोखंडी भूमिनौका कल्पिल्या आणि १९१६ च्या सप्टेंबरांत फ्रान्समधील सोमच्या रणभूमीवर रणगाडे खरोखरच धांवले. हीं दोन पुस्तकें लहान आहेत, कोणाच्याहि हातीं देण्यासारखीं आहेत. येथें अधिक रेंगाळत नाहीं.

खरा आरंभ करावयाचा तो रॉबर्ट हाइनलाइन ह्या अमेरिकन लेखकाच्या 'स्टारशिप ट्रूपर्स' पासून. लेखक अ‍ॅनापोलिसच्या नाविक प्रबोधिनींतून १९२९ सालीं पदवीधर झालेला. क्षयाच्या विकारानें १९३४ सालीं त्याला नौदल सोडावें लागलें. हें पुस्तक त्यानें कुमारवयीन वाचकांसाठीं म्हणून लिहिलें. नेहमींच्या प्रकाशकानें तें परत केलें. १९५९ सालीं दुसऱ्यानें छापलें आणि पुढच्याच वर्षीं विज्ञानकथांच्या प्रांतांत मानाचा समजला जाणारा ह्यूगो पुरस्कार त्यास मिळाला.

हुआन रिको हा सधन घरचा एकुलता एक मुलगा. शाळा संपतांच, कांहींसा मित्राच्या नादानें, तो सैन्यांत नांव घालतो. बापानें त्यास धंद्यांत घेण्याचें ठरविलेलें. त्यामुळें घरांत तेढ येते. त्या भावी जगांत मताचा हक्क सर्वांस नाहीं. ज्यांनीं स्वेच्छेनें सरकारी सेवेची मुदत पुरी केली असेल त्यांनाच तो मिळतो. पुढें कीटकांसारख्या एका परग्रहवासी जातीशीं युद्ध पेटतें, आणि हे सैनिक यांत्रिक चिलखतें अंगावर चढवून आकाशांतून शत्रूच्या भूमीवर सोडले जातात. लढायांच्या लोभानें पुस्तक हातीं घेणाराची मात्र थोडी निराशा होईल. पुस्तकाचा मोठा भाग छावणींतील शिक्षणानें आणि शाळेच्या आठवणींनीं व्यापलेला आहे.

शाळेचें नांव निघालें म्हणजे आमचे कान टवकारतात. ह्या कादंबरींतले शिक्षक द्युब्वा हे 'इतिहास आणि नीतिशास्त्र' असा विषय शिकवितात. विषय सक्तीचा, परंतु त्यांत उत्तीर्ण होण्याची सक्ती नाहीं. (आमच्या संस्कृताला अशी सवलत मिळती तर किती मुलांनीं तें खरोखर ऐकलें असतें, असा विचार मनांत येऊन गेला.) द्युब्वांना डावा हात नाहीं, प्रश्न विचारतांना ते त्या थोट्या हातानेंच मुलाकडे निर्देश करतात. सैन्यभरतीच्या कचेरींत बसलेल्या अधिकाऱ्याला तर दोन्ही पाय नाहींत. पुढें रिको त्याला रस्त्यांत पाहतो तो हा मनुष्य कृत्रिम पायांवर झपझप चालत असतो! मेजामागें त्याला मुद्दाम पायांवांचून बसविलेलें असतें; नांव घालावयास आलेल्या पोरांनीं आधीं हें पाहावें आणि मग सही करावी, हा हेतु. हा प्रसंग वाचून आम्हीं पुस्तक मिटलें. १९९३ च्या व्यासपीठावर आम्ही दोन्ही पायांवर उभे होतों.

छावणींतल्या हालअपेष्टांनीं रिको सारें सोडून घरीं जाण्याच्या बेतांत असतां त्याच्या हातीं द्युब्वांचें पत्र पडतें. आपले मास्तर ह्याच दलांतले निवृत्त लेफ्टनंट कर्नल आहेत, हें त्याला तेव्हां कळतें. पुढें शत्रूच्या हल्ल्यांत ब्युनोस आयरिस शहर नष्ट होतें. रिकोची आई तेथें गेलेली असते. ह्यानंतर विरोध करणारा बाप स्वतःच सैन्यांत शिरतो, आणि शेवटीं मुलगा तुकडीचा नायक व बाप त्याच्या हाताखालचा सार्जंट अशी स्थिति येते. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकास हा भाग गलबलवून टाकल्यावांचून राहणार नाहीं.

आतां आमचा मतभेद. मताचा हक्क सेवेनें मिळवावा हा ह्या लेखकाचा सिद्धांत आम्हांस मान्य नाहीं, आणि तो ज्या रीतीनें मांडला आहे ती रीत तर मुळींच नाहीं. द्युब्वांच्या वर्गांत शंका विचारणारा विद्यार्थी प्रत्येक वेळीं हरतो. कारण शंका आणि उत्तर दोन्ही एकाच लेखणीतून उतरलेलीं आहेत. पस्तीस वर्षें वर्गावर काढलेल्या माणसास ही लबाडी चटकन ओळखूं येते. आम्हींहि ती केलेली आहे. तरीसुद्धां पुस्तक वाचावें, कारण सैन्यांत मनुष्य कां राहतो ह्याचें उत्तर इतक्या आपुलकीनें क्वचितच कोणी दिलें असेल. १९९७ सालीं ह्यावर चित्रपट निघाला. तो मूळ पुस्तकाची टर उडविणारा आहे. तो पाहून पुस्तकाविषयीं मत बनवूं नये.

हाइनलाइननें पलटण पाहिली होती. प्रत्यक्ष रणांगण पाहण्याआधींच त्याचें नौदल सुटलें. ज्यानें तें पाहिलें तो जो हॉल्डमन. पदार्थविज्ञान आणि ज्योतिष शिकलेला हा तरुण सक्तीच्या भरतींत व्हिएतनामला गेला, सैन्याच्या इंजिनिअर दलांत राहिला आणि १९६८ सालीं जबर जखमी झाला. आमच्या विद्यार्थ्यानें मेजावर ठेवलेलें पुस्तक त्याचेंच : 'दि फॉरेव्हर वॉर', प्रसिद्धीचें वर्ष १९७४. पुष्कळ प्रकाशकांनीं तें परत केलें होतें; छापल्यावर मात्र ह्यूगो आणि नेब्युला हे दोन्ही मोठे पुरस्कार त्याला मिळाले. हाइनलाइन वाचून संपला कीं दुसऱ्या दिवशींच हें हातीं घ्यावें, अशी आमची शिफारस आहे. यांत्रिक चिलखतें येथेंहि आहेत, परग्रहवासी शत्रु येथेंहि आहे, छावणी आहे, कवायत आहे. आणि तरी सारें उलटें आहे.

विल्यम मँडेला हा पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी सक्तीनें सैन्यांत घेतला जातो. रणांगणें दूरच्या ताऱ्यांपाशीं असतात. तेथें जाणारीं याने प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास वेगानें धांवतात, आणि आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाप्रमाणें अशा यानांतलें घड्याळ पृथ्वीवरच्या घड्याळाहून मंद चालतें. हें कल्पनेचें कारंजें नव्हे, सिद्ध झालेलें शास्त्र आहे. म्हणून मँडेला पहिली मोहीम आटोपून परत येतो तेव्हां त्याच्या गणतीनें थोडींच वर्षें गेलेलीं असतात, पृथ्वीवर मात्र पाव शतकाहून अधिक काळ लोटलेला असतो. आई म्हातारी झालेली, समाजाचे रीतिरिवाज पालटलेले, भाषासुद्धां ओळखीची राहिलेली नाहीं. परकेपणा सोसवेना म्हणून तो पुन्हा सैन्यांत जातो, आणि प्रत्येक मोहिमेबरोबर त्याचें जग त्याच्यापासून शतकांनीं दूर सरकतें. कथेचा आरंभ १९९७ सालीं होतो, शेवट ३१४३ सालीं. नायक तोच, आणि अजून तरुण!

हें वाचतांना आम्हांस भागवताच्या नवव्या स्कंधांतील ककुद्मी राजा आठवला. कन्या रेवती हिला योग्य वर कोणता, हें विचारण्यासाठीं तो तिला घेऊन ब्रह्मलोकीं गेला. तेथें गायन चाललें होतें म्हणून क्षणभर थांबला. प्रश्न विचारतांच ब्रह्मदेव हंसले : तूं मनांत आणलेल्या वरांचीं मुलें, नातू, पणतूदेखील आतां नाहींत, तेवढ्या वेळांत पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगें उलटलीं. पुढें रेवती बलरामास दिली. एवढ्यावरून आइन्स्टाइन आमच्या पुराणांत होता असें कोणी म्हणूं लागल्यास आम्ही त्याच्या पंक्तीस बसणार नाहीं. गणित गणिताच्या जागीं. परंतु परत आलेल्या माणसास आपलें घर कसें दिसतें, हें पुराणकारानें जाणलें होतें खास. आमचा विद्यार्थी आम्हांस म्हणाला होता : "इस्पितळांतून घरीं आलों तेव्हां वर्गमित्रांचीं लग्नें झालीं होतीं, नोकऱ्या लागल्या होत्या. ते कशावर हंसतात तेंच मला कळेना. एकाच वर्षांत मी शंभर वर्षांचा झालों होतों."

ज्यांस शेवट आधीं कळलेला रुचत नाहीं, त्यांनीं येथून दोन परिच्छेद गाळावे. मँडेला अखेरची लढाई लढून परततो तेव्हां त्यास सांगण्यांत येतें कीं, युद्ध संपून दोनशेंहून अधिक वर्षें झालीं. तें सुरूच मुळीं गैरसमजानें झालें होतें. दोन्ही जातींस एकमेकांची भाषा कळली असती तर पहिली गोळी सुटलीच नसती. मेला नाहीं, जिंकला नाहीं. आमच्या विद्यार्थ्याचा तिसरा तो हा. एक गोष्ट मात्र लेखकानें त्याच्या पदरांत टाकली आहे. त्याची सहचरी मेरीगे ही आधींच परतलेली असते. तो येईपर्यंत आपण म्हाताऱ्या होऊं नये म्हणून ती एका वेगवान यानांत बसून नुसत्या येरझारा घालते, आणि अशा रीतीनें वय राखून त्याची वाट पाहते. हा शेवट आम्हीं घरांत वाचून दाखविला. "चला, वाट पाहणाऱ्या बाईला कोणीतरी विमान दिलें," एवढाच अभिप्राय मिळाला.

तिसरें पुस्तक ऑर्सन स्कॉट कार्ड ह्याचें 'एंडर्स गेम'. १९७७ सालीं लघुकथा म्हणून आलेलें, १९८५ सालीं कादंबरी झालेलें. अँड्रयू, लाडकें नांव एंडर, हा सहा वर्षांचा मुलगा. ज्या जगांत दोनांहून अधिक मुलांस सहसा परवानगी नाहीं, तेथें सरकारच्या मुद्दाम इच्छेनें जन्मलेला तिसरा. त्याला उचलून अंतराळांतल्या युद्धशाळेंत नेतात. तेथें मुलांच्या पलटणी वजनरहित दालनांत लुटुपुटीच्या लढाया खेळतात. ह्या खेळांचीं वर्णनें इतकीं चित्तवेधक आहेत कीं, आमचा नातू जेवावयास उठेना. आम्हांस मात्र खेळापेक्षां पडद्यामागचे मास्तर अधिक दिसले. कर्नल ग्राफ आणि त्याचे सहकारी ह्या मुलास मुद्दाम एकटा पाडतात, त्याला मित्र मिळूं देत नाहींत, त्याच्या हातून घडलेल्या भयंकर गोष्टी त्यास कळूं देत नाहींत; आणि हें सर्व त्याच्यावर प्रेम असून. शेवटीं, आपण मास्तरांनीं घातलेली परीक्षा देत आहों अशा समजुतींत तो पोर पडद्यावर एक आख्खा ग्रह जाळतो. नियम मोडला, आतां तरी हे मला घरीं पाठवितील, एवढीच त्याची आशा असते. मागें वळून पाहतो तों थोर माणसें रडत आहेत, नाचत आहेत. परीक्षा नव्हतीच, तीं जहाजें खरीं होतीं, तो ग्रह खरा होता.

महाभारतांत शिष्यांनीं गुरूस फसविलें. अश्वत्थामा मेला, असें युधिष्ठिरानें म्हटलें आणि द्रोणांनीं शस्त्र खालीं ठेवलें. त्या एका अर्ध्या असत्याबद्दल व्यासांनीं युधिष्ठिराचा रथ भूमीला टेकविला. येथें गुरूंनीं शिष्यास फसविलें आहे. त्यांचे रथ कोणी टेकवावयाचे? कार्डनें पुढच्या वर्षीं, १९८६ सालीं, 'स्पीकर फॉर दि डेड' ह्या दुसऱ्या भागांत एंडरचें प्रायश्चित्त लिहिलें आहे. मास्तरांचें लिहिलेलें नाहीं. 'स्टारशिप ट्रूपर्स' आणि 'एंडर्स गेम' हीं दोन्ही अमेरिकेच्या मरीन दलानें आपल्या सैनिकांच्या वाचनयादींत घातलीं होतीं. दुसरें तेथें कोणत्या बुद्धीनें वाचलें जात असेल, ह्याचें आम्हांस राहून राहून कुतूहल वाटतें.

घरांतील स्त्रीवाचकांसाठीं लॉइस मॅकमास्टर बुजोल्ड ह्या लेखिकेचीं पुस्तकें मुद्दाम सुचवितों. पुरुषांनीं वाचूं नयेत असें अर्थातच नाहीं. बरायार नांवाच्या ग्रहावर सरदारघराणीं, वंशाभिमान, देवडीवरचे शिपाई, सारें आपल्या पेशवाईसारखें आहे. व्होरकोसिगन घराण्याचा मुलगा माइल्स आईच्या उदरांत असतां विषारी वायूचा हल्ला होतो; उतारा दिला जातो, पण त्यानें मुलाचीं हाडें ठिसूळ होतात. असलें व्यंग असलेला वारस नको, असा आजोबांचा हट्ट. आणि आई कॉर्डेलिया मुलासाठीं साऱ्या घराण्याशीं भांडते. हें 'बरायार' (१९९१) ह्या पुस्तकांत आहे. 'दि वॉरियर्स अ‍ॅप्रेंटिस' (१९८६) मध्यें तोच माइल्स लष्करी प्रबोधिनीच्या प्रवेशपरीक्षेंत भिंतीवरून उडी टाकतो आणि त्याचे दोन्ही पाय मोडतात. पुढें केवळ बुद्धीच्या आणि थापांच्या जोरावर तो भाडोत्री सैन्याचा नायक कसा होतो, तें वाचून आम्ही एकटेच मोठ्यानें हंसत होतों. ठिसूळ हाडांच्या नातवाची लाज वाटणाऱ्या आजोबाचें चित्र मात्र हंसण्यावारी नेण्यासारखें नाहीं. तशीं घरें आम्हीं पाहिलीं आहेत.

आमच्या वयाच्या वाचकांनीं जॉन स्कॅल्झीचें 'ओल्ड मॅन्स वॉर' (२००५) पाहावें. नायक पंचाहत्तर वर्षांचा विधुर; सैन्यांत भरती होतो, आणि त्यास हिरव्या कातडीचें नवें तरुण शरीर मिळतें! गुडघे दुखत असतां वाचण्यास उत्तम. त्याहून अधिक खोलींत तें जात नाहीं, पण पत्नीच्या आठवणीचा धागा हृद्य आहे.

मराठींत ह्या जातीचें काय आहे, असें कोणी विचारील. डॉ. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचें पानिपत' ही कथा आहे. १४ जानेवारी १७६१ रोजीं विश्वासरावांना गोळी लागली नसती तर, ह्या एका कल्पनेवर ती उभी आहे. इतिहासाचा एक प्राध्यापक त्या निराळ्या जगांत जाऊन पोंचतो. ती कादंबरी नव्हे, लहानशी कथा आहे. परंतु पानिपताचें नांव काढतांच ज्यांचा घांस घशांत अडकतो अशा आपल्या घरांत ती मोठ्यानें वाचावी. नारळीकर २०२५ च्या मे महिन्यांत निवर्तले. रणांगणाकडे त्यांची लेखणी ह्याहून अधिक वळली असती तर आम्हांस हवें होतें.

वयाविषयीं दोन शब्द. 'एंडर्स गेम' तेराव्या-चौदाव्या वर्षीं द्यावयास हरकत नाहीं, मात्र वडील माणसानें तें आधीं वाचलेलें असावें. मुलाला प्रश्न पडतील आणि तें प्रश्न खेळाविषयींचे नसतील. 'स्टारशिप ट्रूपर्स' अकरावीच्या मुलास योग्य. छावणींत फटके मारण्याचे प्रसंग आहेत, तेवढें ध्यानांत ठेवावें. 'दि फॉरेव्हर वॉर'मध्यें स्त्रीपुरुषसंबंधांविषयीं लेखकानें कांहींच झांकून ठेवलेलें नाहीं. तें थोराड वाचकांचेंच पुस्तक आहे. पत्र लिहिणाऱ्या भगिनीनें हाइनलाइन आणि कार्ड मुलाच्या हातीं असूं द्यावे, आणि हॉल्डमन त्याचें शिक्षण पुरें होईपर्यंत स्वतःच्या कपाटांत ठेवावा. मामंजींनीं कोणत्याहि पुस्तकानें आरंभ केला तरी चालेल.

आमची हाइनलाइनची प्रत सध्यां जागेवर नाहीं. ज्या विद्यार्थ्याची हकीकत वर सांगितली त्याची मुलगी यंदां बारावीला आहे. २०२१ सालीं सर्वोच्च न्यायालयाचा आदेश झाला आणि २०२२ पासून खडकवासल्याच्या प्रबोधिनींत मुलींनाहि प्रवेश मिळूं लागला. तिला तेथें जावयाचें आहे. गेल्या महिन्यांत ती बापाबरोबर आली आणि आमच्या कपाटांतून तेंच पुस्तक काढून घेऊन गेली. जातांना तिनें गीतेच्या त्या श्लोकाचा अर्थ विचारला. शाळेंत वक्तृत्वस्पर्धेसाठीं हवा होता. आम्हीं तिच्या बापाकडे पाहिलें. तो चपलांचे पट्टे लावीत होता. आम्हीं श्लोकाचा अर्थ सांगितला, आणि त्याखालीं तिच्या बापाचा प्रश्नहि वहींत उतरवून घेण्यास सांगितलें. तिनें तो उतरवून घेतला आणि विचारलें, "ह्याचें उत्तर?" जिना उतरतां उतरतां तो म्हणाला, "हॉल्डमन मी घरीं वरच्या फळीवर ठेवला आहे, सर. पण ती माझ्याहून उंच झाली आहे."

पुढील महिन्यांत प्रवासवर्णनांविषयीं.